बेर्टसच्या पंचविशीचं गाणं

पहिल्या शेजाऱ्याला सुट्टी नसते. एल्डरलो गावात कुणाच्या घरी मूल जन्मलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, की आधी धावायचं ते भिंतीला भिंत नसली तरी कुंपणाला कुंपण असलेल्या माणसानं. शवपेटीला खांदा त्याचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तर दारावर कागदी गुलाबांची कमान बांधायची त्यानं आणि मेजवानीत नवराबायकोची टर उडवणारं गाणं रचायचं तेही त्यानंच. शेजारी आवडतो की नाही हे कुणी विचारत नाही. अख्तरहुकच्या या साऱ्या मुलखात या बाबतीत देवसुद्धा मध्ये पडत नाही.

रुलीन लान्सिंकला तिचा पहिला शेजारी आवडत नव्हता, असं म्हणणं म्हणजे वणव्याला ऊब म्हणणं झालं. बेर्टस हार्किंकचं नुसतं हसणं कुंपणापलीकडून ऐकू आलं तरी तिच्या मस्तकात तिडीक जायची. आणि बेर्टस हसायचा फार. गावातला मोटारसायकलींचा मिस्त्री तो, आणि 'धुरळा' या बँडचा गाणाराही तोच. या बँडचं 'सुटली गाडी' हे गाणं एके उन्हाळ्यात साऱ्या देशाच्या रेडिओवर वाजलं होतं. तेव्हापासून बेर्टस चालताना सुद्धा कुणीतरी टाळ्या वाजवतंय अशा थाटात चालायचा. ती चाल बसवली होती रुलीनच्या भावानं, वेसलनं. वेसल बँडचा ढोलकरी. त्याच्या हातातला ठेका इतका नेमका की बाकीचे त्याच्यावर घड्याळ लावून घ्यायचे, असं गावात गमतीनं म्हणत.

म्हणत असत. तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या रविवारपर्यंत.

त्या आठवड्यात बेर्टसनं वेसलच्या मोटारसायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारी दोन पायांची चौकट, उतरवून नवीन सील बसवले होते. रविवारी दुपारी वेसल जत्रेतून घरी निघाला आणि चर्चच्या वळणावर पुढचं चाकच वाकडं झालं. तो रस्त्यावरून उडाला तो कडेच्या चरापलीकडे, डाव्या खांद्यावर. हाडं जुळली. पण मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या होत्या, त्या काही जुळल्या नाहीत. डावा हात तेव्हापासून खांद्याला नुसता लटकलेला आहे.

वेसल अजून शुद्धीवर यायचा होता, तोवर बेर्टसनं जत्रेच्या तंबूत बिअरचा ग्लास खाली ठेवून मान हलवली होती. "सकाळपासून ढोसत होता बिचारा. मी म्हणालो, चावी दे. ऐकतोय कुठे!" झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि गावानं ती उचलून घरोघर पोचवली.

वेसलच्या रक्तात दारूचा थेंब निघाला नव्हता. त्या दिवशी त्यानं जत्रेत कॉफी प्यायली होती आणि साखर लावलेला पाव खाल्ला होता. पण हे सांगणार कोण? रुलीन जिल्ह्याच्या इस्पितळात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ. तिनं सांगितलं तर लोक एकमेकांकडे बघायचे. "अगं, बहीणच तिथे कामाला. तिथला कागद काय, हवा तसा काढून देईल." पोरांना ढोल शिकवायचा वर्ग वेसलकडून काढून घेतला गेला. नव्या माणसानं बँडमध्ये त्याची जागा घेतली. आणि प्रत्येक समारंभात, न चुकता, बेर्टस लांबून ओरडायचा, "वेसलला लिंबूपाणी द्या रे! फक्त लिंबूपाणी!" आणि लोक हसायचे. वाईट मनाचे नव्हते ते. पण दर वेळी हसायचे.

वेसलही हसायचा. तो ग्लास घ्यायचा, उजव्या हातानं वर करायचा आणि प्यायचा. रुलीनला त्याच्या त्या हसण्याचाच जास्त संताप यायचा.

"तुला काही लागतच नाही का रे?" ती घरी येऊन विचारायची.

"लागतं की. लिंबू फार आंबट असतं."

त्याचं चित्त सगळं कोठारातल्या मोडक्या गाडीत होतं. तीच गाडी तो एका हातानं पुन्हा उभी करत होता. दुसऱ्या हाताचं काम करायला त्यानं टेबलाला तीन ठिकाणी शिकंजे ठोकले होते. दातांनी वायर सोलायचा, गुडघ्यांत टाकी धरायचा. एक नट बसवायला धडधाकट माणसाला मिनिट लागतं तिथे याची सकाळ जायची. नट हातातून निसटून गवतात गेला तर शिवी न देता चुंबक घेऊन खाली बसायचा. रुलीनला हे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

गेल्या हिवाळ्यात त्यानं फोर्कचे दोन्ही पाय तारेला टांगले आणि पान्यानं एकेकाला हलकेच टोला दिला. उजवा पाय घंटेसारखा निनादला. डावा 'थप्प' म्हणाला आणि गप्प झाला.

"ऐकलंस?" वेसल म्हणाला. "हा आतून फुटलाय."

रुलीननं तो पाय हातात घेतला. खालच्या टोकाला चाकाचा दांडा धरून ठेवणारा क्लॅम्प असतो, दोन कानांचा, प्रत्येक कानाला एक बोल्ट. एक कान अपघातात तुटून गेला होता. दुसरा धड दिसत होता. रंगावर ओरखडाही नव्हता.

"फेकून देतो," वेसल म्हणाला. "दुसरा मिळेल कुठेतरी."

"माझ्याकडे दे."

इस्पितळात दर रविवारी क्ष-किरण यंत्राची तपासणी होते. ॲल्युमिनियमचा पायऱ्यापायऱ्यांचा ठोकळा ठेवायचा, चित्र काढायचं आणि प्रत्येक पायरी वेगळी दिसते का ते बघायचं. त्या रविवारी रुलीननं ठोकळ्याशेजारी फोर्कचा पाय ठेवला. ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम. तरी हे नियमाबाहेरचं होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिनं नियमाबाहेर एक बोटही टाकलं नव्हतं. पडद्यावर चित्र उमटलं. धड दिसणाऱ्या कानात, बोल्टच्या भोकापासून आतल्या आत, केसाएवढी काळी रेघ.

पोरांच्या मनगटातल्या अशा रेघा ती रोज शोधायची. पडून मोडतं ते कसं मोडतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वेडंवाकडं, कुठल्याही दिशेनं. ही रेघ मात्र सरळ बोल्टच्या भोकातून निघाली होती. आवळून आवळून तडकवलेला कान. तुटलेला कानही आधी असाच तडकला असणार, आणि मग वळणावर त्यानं जीव सोडला असणार. बेर्टस टॉर्क रेंच वापरत नसे, हे गावाला माहीत होतं. तो मिरवायचाच तसं. हव्या तेवढ्या ताकदीला 'कट्ट' वाजून थांबायला सांगणारा तो पाना त्याला हसण्यासारखा वाटायचा. "शिकाऊ पोरांसाठी असतो तो," म्हणायचा. "माझं मनगटच कट्ट म्हणतं."

तिनं फिल्मवर काढून आणलेलं चित्र वेसलला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ते तिच्या हातात परत दिलं.

"राहू दे, रुलीन."

"राहू दे? त्यानं तुझा हात नेला!"

"चूक झाली त्याच्याकडून. मिस्त्री आहे, होते चूक."

"आणि दारू? तीही चूक? तीन वर्षं, प्रत्येक समारंभात?"

वेसल पुन्हा गाडीकडे वळला. मग म्हणाला, "पहिला शेजारी आहे तो. उद्या मी मेलो तर पेटीला पहिला खांदा त्याचा."

"मग तू मरेपर्यंत थांबू का मी?" असं म्हणून रुलीन चित्र घेऊन थेट बेर्टसच्या गॅरेजमध्ये गेली.

बेर्टस एका गाडीखाली उताणा पडला होता. त्यानं पडल्या पडल्याच चित्र उजेडाकडे धरलं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. तेवढं रुलीननं पाहिलं. मग ते परत आलं.

"हे काय? बाळ कधी होणार म्हणे याला?"

"हा तू आवळलेला क्लॅम्प आहे, बेर्टस."

"बाई, तू हाडं बघ, गाड्या मी बघतो. मी तुझ्याकडे येऊन सांगतो का, की हे फुप्फुस जरा डावीकडे सरकव म्हणून?" तो उठून बसला, हात पुसले. आवाज खाली आणला. "आणि मला सांग, इस्पितळाच्या टेबलावर मोटारसायकल झोपवायची परवानगी कुणी दिली तुला? तिथे आजारी माणसं झोपतात ना? तुझ्या साहेबांना सांगू का, गाडीला बरं वाटतंय का ते विचारायला?"

चोर तो चोर, वर शिरजोर. रुलीनचे कान तापले. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो परत मोठ्यानं हसला, बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा.

"जा, वेसलला म्हणावं, लिंबूपाणी जरा कमी कर. डोक्यात जातंय बहिणीच्या!"

परत येताना ती कुंपणाशी थांबली. चित्र कुणाला दाखवावं तर नोकरी जाणार, आणि बोलावं तर लोक बहिणीचं प्रेम म्हणून सोडून देणार. बेर्टसनं सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. एकच वाट उरली होती, आणि ती बेर्टसच्याच दारात जात होती. जूनमध्ये त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. कमान कुणी बांधायची? रुलीननं. गाणं कुणी रचायचं? रुलीननंच.

गावात या गाण्यांचा एक कायदा आहे. ओळखीची चाल घ्यायची, शब्द आपले घालायचे, कागद छापून प्रत्येक पाहुण्याच्या हातात द्यायचे आणि सगळ्या हॉलनं मिळून पहिल्यांदाच वाचत वाचत गायचं. म्हणून शब्द नेमका बसावा लागतो. एखादी मात्रा जास्त झाली की मावश्या अडखळतात, काका वर बघतात, सगळे थांबतात आणि मग विचार करू लागतात. बसला तर मात्र कागदावर काय आहे हे कळायच्या आत ते तोंडातून बाहेर पडलेलं असतं. रुलीनची गाणी पंचक्रोशीत नावाजलेली होती ती याच कारणानं. तिच्या ओळीवर आजवर कुणी अडखळलं नव्हतं.

चाल तिनं घेतली 'सुटली गाडी'चीच. वेसलची चाल.

वसंतभर ती त्या गाण्यावर बसली. भांडी घासताना गुणगुणायची, इस्पितळात पेशंटला "श्वास रोखा" म्हणतानाही मनात मात्रा मोजायची. एक जड अक्षर काढलं, एक हलकं घातलं. पहिली दोन कडवी कागदाच्या पुढच्या बाजूला, नेहमीची थट्टा. उरलेली तीन पाठीमागे. शेजाऱ्यांची तालीम तिच्या स्वयंपाकघरात झाली तेव्हा तिनं फक्त पहिली बाजू दिली. "पाठीमागचं गुपित आहे," म्हणाली. सगळ्यांना गंमत वाटली. वेसल तालमीला नव्हता; कोठारात गाडीशी झटत होता.

कमान तिनं मनापासून बांधली. सदाहरित फांद्या, त्यात रुपेरी कागदाचे गुलाब. डीनी, म्हणजे बेर्टसची बायको, दारात येऊन रडायलाच लागली. "किती सुंदर केलंस गं!" म्हणाली आणि रुलीनच्या गळ्यात पडली. डीनीनं रुलीनचं काही बिघडवलं नव्हतं. पण तिनं मनाला बजावलं, डीनी पंचवीस वर्षं त्याच माणसाचं हसणं ऐकते आहे, आज एक गाणं ऐकेल.

मेजवानी कॅफेमागच्या हॉलमध्ये होती. उन्हाळ्याचं ऊन अजून खिडक्यांतून आत येत होतं. कॉफी झाली, केक झाला, बिअर सुरू झाली, सॉसेज आणि चीजची ताटं फिरू लागली. पुढे, फुलांनी सजवलेल्या दोन खुर्च्यांवर नवराबायको. मंचावर 'धुरळा'. वेसल मागच्या टेबलाशी, दाराजवळ.

"वेसलला लिंबूपाणी!" बेर्टसनं खुर्चीतून हाळी दिली. हॉल हसला.

रुलीननं कागद वाटले. बँडनं चाल धरली. बेर्टस स्वतःच उठून हातानं ठेका देऊ लागला. स्वतःच्या गाण्यावर स्वतःची थट्टा, याहून त्याला काय हवं! आणि हॉल एका सुरात सुटला:

डीनी म्हणते, नवरा माझा गाण्यामध्ये राजा,
घरात मात्र भांडी घासत वाजवतो हा बाजा!
सुटली गाडी, सुटली गाडी, धुरळा उरला मागे!

डीनीनं तोंडावर रुमाल धरला. बेर्टसनं भांडी घासायचा अभिनय केला. टेबलं वाजू लागली.

नट आवळता बेर्टस म्हणतो, 'पाना हवा कुणाला?'
'मनगट माझे पक्के आहे, लाजवील यंत्राला!'
सुटली गाडी, सुटली गाडी, धुरळा उरला मागे!

बेर्टसनं मनगट वर करून सगळ्यांना दाखवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग शंभरभर कागद एकदम उलटल्याचा आवाज झाला. रुलीन सगळ्यांत मोठ्यानं गात होती.

वेसलचीही गाडी त्याने तशीच आवळलेली,
चीर पडे ती रंगाखाली, कुणाला न दिसलेली!
सुटली गाडी, सुटली गाडी, धुरळा उरला मागे!

शब्द असे बसले होते की कुणाला थांबायला जागाच नव्हती. काही जण तर हसत हसतच गायले. मंचावरच्या गिटारवाल्यानं बेर्टसकडे पाहिलं. पण गाणं मध्येच तोडायचं नाही हा त्या बँडचा नियम होता, आणि तो बेर्टसनंच घालून दिला होता. पाऊस आला, वीज गेली, कुणी मंचावरून पडलं, तरी गाणं पुरं करायचं. गिटारवाल्यानं मान खाली घातली आणि वाजवत राहिला.

चाक निखळले वळणावरती, वेसल तेथे पडला,
'दारू प्याला!' बेर्टस बोले, सांगत गावी फिरला!

आता आवाज निम्मे झाले. ओठ हलत होते, पण डोळे पुढची ओळ आधीच वाचून घेत होते. धृपद मात्र सवयीनं पुन्हा उसळलं. शेवटचं कडवं रुलीन, दोनतीन बहिऱ्या आज्या आणि कोपऱ्यातले काही टर्र झालेले पाहुणे एवढ्यांनीच गायलं:

थेंब न होता ओठी त्याच्या, बेर्टस, तुजला ठावे!
सगळ्यांपुढती आज उभा तू, खरे काय ते गावे!

बँड थांबला. तीन वर्षं जी शांतता रुलीनला हवी होती ती हॉलमध्ये पसरली, आणि ती तिला गोड लागली. खोटं कशाला बोला, फार गोड लागली.

मग बेर्टसनं टाळ्या वाजवल्या.

"वाहवा, रुलीन! भाजून काढलंस की मला! कोळशावर धरलंस!" तो पोट धरून हसला. "ऐकलंत का? हात वेसलचा गेला आणि गुन्हेगार मी! पुढच्या वर्षी गाय आटली तरी माझ्यावरच गाणं येणार!"

हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. हशा फुटला. अर्थात! थट्टेचं गाणं ते. त्यात जो तो मारला जातो, कापला जातो, कुणी खरं थोडंच मानतं? कुणी तरी टेबलावर मूठ आपटली, कुणी ओरडलं, "लिंबूपाणी! लिंबूपाणी!" रुलीन उभ्या जागी थिजली. तिच्या लक्षात आलं की तिनं जगातली एकच अशी जागा निवडली होती जिथे खरं बोललं तर ते खोटंच ठरतं. एवढं नेमकं रचलेलं गाणं, आणि ते सगळं त्या हशात विरघळून गेलं. तिला रडूच फुटणार होतं.

"बेर्टस," डीनी म्हणाली.

ती सजवलेल्या खुर्चीवर बसली होती आणि हसत नव्हती. मांडीवरच्या कागदाची मागची बाजू अजून वर होती.

"मग तो टॉर्क रेंच कशाला आणलास?"

"कुठला गं?"

"जो तू वापरत नाहीस तो. वेसल पडला, त्यानंतर लगेच आणलास. कपाटामागे फडक्यात गुंडाळून ठेवतोस. गिऱ्हाईक गेलं की काढतोस." तिचा आवाज साधाच होता, मीठ कुठे ठेवलंय हे विचारावं तसा. "स्वयंपाकघरात ऐकू येतं मला. कट्ट. कट्ट. तू म्हणायचास ना, माझं मनगटच कट्ट म्हणतं? मनगटाचा आवाज भिंतीपलीकडे येत नाही, बेर्टस."

"डीनी, आज आपला दिवस आहे..."

"म्हणून तर विचारते. तीन वर्षं विचारीन म्हणत होते. नाही विचारलं, कारण उत्तर मला हवं नव्हतं." तिनं कागद त्याच्यापुढे धरला. "यांनी सगळ्यांनी गायलं. आता तू गा."

थट्टेच्या गाण्याला हसता येतं. बायकोच्या प्रश्नाला हसायचं कसं हे कुणालाच सुचेना. गाण्यानंतर 'लिंबूपाणी!' ओरडलेल्या पाहुण्यानं आपला ग्लास टेबलावर ठेवला, तोही आवाज न करता. बेर्टसनं एकदा बँडकडे पाहिलं. बँड आपापल्या वाद्यांकडे बघत होता. एकदा रुलीनकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. तिला त्याचा चेहरा पुरता बघायचा होता, आणि तिनं बघितला. गालांवरचं हसू आधी गेलं, मग रंग.

मंचावरचा माइक चालू होता. बेर्टस त्याच्यापाशी गेला, कारण आयुष्यभर त्याला बोलायचं झालं की पाय तिकडेच वळायचे.

"वेसल प्यायला नव्हता," तो म्हणाला. इतकं हळू, की पहिल्या दोन टेबलांनाच ऐकू गेलं असेल.

रुलीननं डोळे मिटले. झालं. तिच्या छातीवर तीन वर्षं बसलेलं कुणीतरी उठून गेलं असं तिला वाटलं. आता घरी जावं, वेसलला घेऊन जावं, गाडीशी बसावं. बस.

"मागे ऐकू आलं नाही."

आवाज दाराजवळून आला होता. सगळ्यांच्या माना वळल्या. वेसल उभा होता. त्यानं लिंबूपाण्याला हात लावला नव्हता.

"परत म्हण, बेर्टस. मागे ऐकू येत नाही."

बेर्टसनं घसा साफ केला. "वेसल प्यायला नव्हता," तो मोठ्यानं म्हणाला. माइक किंचित शिट्टी मारून शांत झाला.

"आणि मग काय झालं होतं?"

"क्लॅम्प... मी जास्त आवळला असणार. मला नंतर वाटलं. मला तेव्हाच वाटलं होतं." त्याचा आवाज फाटला. "पोरा, मला भीती वाटली रे."

"तंबूत जाऊन काय सांगितलंस?"

"वेसल, पुरे ना..."

"काय सांगितलंस?"

"की तू ढोसलेला होतास."

"सगळं एकत्र म्हण. सुरुवातीपासून."

बेर्टसनं सगळं एकत्र म्हटलं. आता तो रडत होता. डीनी ताठ बसून समोर बघत होती. लहान मुलांना कुणीतरी बाहेर नेलं. रुलीन टेबलांमधून वाट काढत मागे आली. एवढी वर्षं ज्याला काही लागत नाही असं तिला वाटत होतं, त्या भावाकडे तिनं जवळून पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की तिचा राग त्याच्या रागापुढे काहीच नव्हता. तिच्या रागाला गाणं पुरलं होतं.

"चल, वेसल," तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलला ना तो. झालं आता."

वेसलनं उजव्या हातानं तिचा हात खांद्यावरून काढला, हळूच, आणि बाजूला ठेवला.

"तुझं गाऊन झालं," तो म्हणाला. "माझं आत्ता सुरू झालंय."

त्यानं खुर्ची ओढली, मंचाकडे तोंड करून मांडली आणि तिच्यावर नीट बसला.

"परत, बेर्टस," तो म्हणाला. "पहिल्यापासून."